सिंधूची माडी भरती, माझी न्हाय

माझं माहेर येडशीकडलं. बाप रेल्वेच्या गँगमदी रुळाला खडी सारायचा, आई लोकाच्या रानात खुरपायला जायची, आन घर म्हणाल तर एकच खण, त्यातच चूल, त्यातच निजायचं, पावणा आला तर पावणाबी त्यातच. आज्यानं धम्म घेतलेला, म्हणून आमी पयल्यापून बौद्ध. बाप कामाला निघायच्या आधी वंदना म्हणायचा, आमी पोरं डोळे चोळत मागं बसायचो. भाडेकरू, एजंट, डिपॉझिट, ह्यातला एक शब्द मला लग्नापतूर ठावं न्हवता. आता बगा, उठता-बसता तेच तोंडात.

लग्न होऊन धाराशिवला आले, तवा उस्मानाबाद म्हणायचे, अजूनबी माझ्या तोंडातून तेच निघतं. आमचे हे कचेरीत शिपाई. मला सरकारी दवाखान्यात आयाचं काम लागलं, बायकांच्या वॉर्डात, आन तिथंच सिंधू भेटली. तीबी आयाच. ती मराठ्याची, तामलवाडीकडची, नवरा एस्टीत ड्रायव्हर. तुमी लिवून घेताय म्हणून सांगते ताई, सख्खी बहीण असती तर एवढं जमलं नसतं. एका डब्यात जेवलो आमी. तिनं कधी माझ्या भाकरीला न्हाय म्हणलं न्हाय, हे आधीच सांगून ठिवते, न्हायतर पुढचं ऐकून तुमाला वाटंल सिंधू वाईट है. सिंधू वाईट न्हाय. तीच तर पंचाईत है. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

तर आमी दोघींनी गावाबाहेर शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. तवा तिथं नुस्ती बाभळं व्हती, दिवसा कोल्हं फिरायचं. घरंबी बरोबरच बांधली, मिस्त्री एकच, नकाशा एकच, तिच्या जिन्याला जितक्या पायऱ्या तितक्याच माझ्या, फरशीबी एकाच दुकानातली, कारण दोघी मिळून घेतली तर दुकानदारानं जरा नमतं घेतलं. दोघींची दारं दक्षिणेला. हे दक्षिणेचं ध्यानात ठिवा, पुढं येतं. वरची माडी म्या पोरासाठी बांधली व्हती. पोरगं शिकलं, पुण्याला नोकरीला लागलं, तिथंच बायको केली, तिथंच ऱ्हायलं. फोन करतं, न्हाय म्हणत न्हाय. मग हे गेले, आन मी एकटीच खाली, वर पारवं. सिंधूचा नवराबी गेला, लेक लातूरला दिली, ल्योक सोलापूरला. तिचीबी माडी रिकामी. म्हणून दोघींनी ठरवलं, भाड्यानं देऊ, जिन्यावर माणसाच्या पावलाचा आवाज तर यील.

आता एजंट. बालाजी त्याचं नाव. स्टँडाजवळच्या चहाच्या गाड्यावर बसायचा, मोटारसायकल उभी, कानाला फोन. आधी प्लॉट इकायचा, मग खोल्या दाखवायला लागला. बोलायला लई गोड. मावशी मावशी करत यायचा, माझ्या हातचा चहा प्यायचा, मावशी तुमची माडी म्हंजी फर्स्टक्लास, हप्त्यात लावून देतो म्हणायचा. गिऱ्हाईक आणायचा, खोटं कामून बोलू, आणायचाच. माणसं वर जायची, खिडक्या उघडायची, नळ सोडून बघायची, बाया तर ओट्यावरून हात फिरवायच्या, हवा चांगली येती वो मावशी, म्हणायच्या. मग खाली माझ्या समोरच्या खोलीत येऊन बसायची. त्या खोलीत कोनाडा है, त्यात बुद्धाची मूर्ती, आमच्या ह्यांनी नागपूरहून मांडीवर धरून आणलेली. मी पाणी द्यायची. माणूस पेला उचलायचा, नजर कोनाड्यावर जायची, आन पेला तसाच खाली. तोंडानं कुणी काय बोलायचं न्हाय. उलट जास्तीच गोड बोलायचे. कळवतो म्हणायचे. ते गेल्यावर मी भरलेले पेले उचलायची आन पाणी तुळशीला घालायची, तुळस तेवढी माजली व्हती माझी.

दोन दिसानं बालाजीचा फोन, मावशी, त्यास्नी जरा लांब पडतंय. मावशी, त्यास्नी पार्किंग पायजे. एकदा म्हणला, मावशी, तुमचं दार दक्षिणेला है, ते लोक मानतात. म्या म्हणलं बरं. आन त्याच आयतवारी टेम्पो आला तो सिंधूच्या दारात. तीच माणसं! सिंधूचं दार काय पूर्वेला है व्हय? एका रांगेतली घरं, एका दोरीत आखलेली. मी ओट्यावर उभी ऱ्हाऊन त्यांचं कपाट, त्यांची गादी, त्यांचा मिक्सर वर चढताना बघत बसले. त्या दिशी भाकर गोड लागली न्हाय.

आन त्यांच्यात ती पोरगी व्हती. ओवी. बाप ब्यांकेत, आई घरी, आन ही एवढीशी, नुकती चालाया लागलेली. खोली बघायला आलते तवा तिची आई वर खिडक्या बघत व्हती आन ही माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या फिरवत व्हती. म्या तिला शेंगदाण्याचा लाडू कुस्करून भरवला, गुमान खाल्ला. तेवढ्यात माझ्या मनानं किती पुढं उडी घेतली, तिला अंगणात खेळवीन, तिला दुपारी झोपवीन, सगळं बघून घेतलं. आन ऱ्हायला गेली ती भिंतीपल्याड. रोज सकाळी तिचा आवाज, आज्जी, ए आज्जी. ती आज्जी म्हंजी सिंधू. एकदा फाटकातून पळत माझ्याकडं आली, हात वर करून, मी वाकले, तर मागनं आई आली, ओवी इकडं ये, तिथं न्हाय जायाचं. रागानं न्हाय बोलली, हसतच बोलली. आन उचलून नेलं. माझे हात तसेच ऱ्हायले.

मग मी सिंधूशी बोलायचं कमी केलं. ती हाक मारायची, मी भांडी वाजवायची. तिच्या डोळ्याचं आपरेशन झालं तर ब्यांकवाल्यानं तिला गाडीतून नेलं आणलं, त्याच्या बायकोनं तिला पथ्याचं करून घातलं. पूर्वी असं असतं तर मी रजा काढून तिच्या उशाशी बसले असते. आता मी फाटकापतूर गेले आन माघारी आले. मनात म्हणलं, हाय की तिला माणसं. असं मन झालं व्हतं बगा माझं. जळत व्हते मी, दुसरं काय. तिच्या दोरीवर पोरीची झबली दिसली तरी मला बघवत न्हवतं.

एक दिवस बालाजीच म्हणला, मावशी, रागावू नका, एक सांगतो. तुमचं आडनाव गायकवाड, त्यातनं कायबी कळत न्हाय. ती मूर्ती तेवढी दोन दिवस आतल्या खोलीत ठिवा. माणसं आत आली, सामान लागलं, की मग ठिवा परत. आपल्याला माणसं आणण्याशी मतलब. म्या त्याला चांगलं झापलं. पण तो गेल्यावर घरभर फिरत ऱ्हायले. सिंधूच्या माडीवरून ओवीचं हसू ऐकू येत व्हतं. आन म्या, काय बोलू, म्या स्टूल घेतलं, मूर्ती काढली, ह्यांच्याच शालीत गुंडाळली आन कपाटात ठिवली. कोनाडा रिकामा दिसू नये म्हणून तिथं गुलदस्ता ठिवला, प्लास्टिकचा.

दुसऱ्या दिशी एक ठेकेदार आन त्याची बायको आली. वर बघितलं, खाली बसली, पाणी प्याली. सगळं पाणी प्याली बाई. चहाबी घेतला. बालाजी मला डोळ्यानं खुणावत व्हता, जमलं म्हणून. मग ती बाई म्हणली, मावशी, आडनाव काय तुमचं? म्हणलं गायकवाड. हां, म्हणली, गायकवाड म्हंजी कुठले? सोयरे कुठं कुठं तुमचे? आता एक खोटं बोलले असते तर निभलं असतं, चार गावं माझ्या जिभेवर आलीबी व्हती. पण रिकाम्या कोनाड्याकडं नजर गेली, तो प्लास्टिकचा गुलदस्ता, आन मला माझीच किळस आली. म्हणलं, बाई, आमी बौद्ध. मूर्ती कपाटात ठिवलीय, दाखवू का? ती म्हणली, अवो तसं काय न्हाय, आमी काय मानत न्हाय तसलं. नवऱ्यानं घड्याळ बघितलं. झालं. जाताना फाटकात बालाजी मला म्हणला, मावशी, जमलेलं तुमीच मोडलं.

म्या मूर्ती परत ठिवली, आन सरळ सिंधूच्या घरी गेले. ती भाजी निवडत व्हती, ओवी तिच्या पाठीवर लोंबकळत व्हती. सिंधू म्हणली, पद्मिन, आलीस का बाई, बोलत कामून न्हाईस इतके दिस, माझं काय चुकलं? म्हणलं, तुझं सगळं भरतं आन माझं भरत न्हाय. ती म्हणली, मग त्यात माझा काय गुन्हा? म्या कुणाला जात इचारली का? म्हणलं, तू न्हाय इचारली. तुलाबी कुणी न्हाय इचारली. उभ्या जन्मात तुला कुणी म्हणलंय का, सिंधूबाई, तुमचे सोयरे कुठं? त्यासाठी जळते मी तुझ्यावर, भाडेकरूसाठी न्हाय.

सिंधूनं हातातली मेथी खाली ठिवली. मग म्हणली, हे मला कधी सुचलंच न्हाय गं. ते ऐकून मला आणखीनच जळजळ झाली, की हिला सुचायचीबी गरज पडली न्हाय. पण ती खोटं बोलली न्हवती. तिनं चहा ठिवला, म्या घेतला. गळ्यात गळे घालून रडलो बिडलो न्हाय आमी. चहा घेतला.

त्यानंतर पावसाळ्यात ती कंडक्टरीण आली. अनिता नाव. एस्टीत कंडक्टर, इथल्या डेपोला बदली झालेली. ब्यांकवाल्याची बदली व्हणार म्हणून सिंधूकडं आधीच बघायला आलती. सिंधूनं तिला माझ्याकडं धाडलं. दारात उभी ऱ्हाऊन म्हणली, पलीकडच्या काकूनी तुमचं घर दाखवलं. माझं टाळकंच सरकलं. म्हणजी सिंधूनं टाकलेलं मी उचलायचं? म्हणलं, तिकडं कामून न्हाय जमलं? म्हणली, एकटी बाई न्हाय ठेवत म्हणल्या. नवरा है का, कुठं है, कामून सोडला, समदं इचारून घेतलं आन मग न्हाय म्हणल्या. अशी हसून बोलली. आन ताई, खरं सांगते, तेच सवाल माझ्याबी तोंडात तयार व्हते. एकटी बाई, पहाटंची ड्युटी, लोक काय म्हणतील. सगळे सवाल माझ्या दातामागं येऊन उभे. मी गिळले.

ती आत येऊन बसली. कोनाड्याकडं बघितलं तिनं, मी तिच्या डोळ्याकडंच बघत व्हते. बघितलं, आन म्हणली, मावशी, नळाला पाणी कवा येतं? माझी पयली गाडी पहाटं है, मला आदल्या दिशी भरून ठिवावं लागंल. आन पेला रिकामा करून आणखी पाणी मागितलं. म्हणलं, चल, जिना दाखवते.

बालाजी आलता मग. मावशी, एकट्या बाईला कामून ठिवलं, मी चांगली फ्यामिली आणली असती. म्हणलं, आण की बाबा, सिंधूकडं ने.

आता तुमाला वाटंल माझं सगळं गोड झालं. तसं न्हाय. अनिता दिवसभर गाडीवर, आली की पाय सुजलेले, जेवती आन झोपती. तिच्यामाझ्यात कपड्याच्या दोरीवरून भांडणं व्हतात, ती बादली धाडकन आपटती, मी खालून ओरडते. पण ताप आला तर मी तिला पेज देते, आन सुट्टी असली की ती मला तुळजापूरच्या बाजारला घेऊन जाती, म्हणती, मावशी, गाडीत पुढच्या शिटावर बसा. बरं चाललंय. पर हसणारं लेकरू काय माझ्या अंगणात आलं न्हाय.

ओवीचे लोक लातूरला गेले. जाताना सिंधू लई रडली. मलाबी रडू आलं, पण माझं रडू वेगळं, मला वाटलं, बरं झालं, आता तिलाबी कळंल रिकामी माडी म्हंजी काय. चार दिस वाटलं असं. मग ह्याच हप्त्यात टेम्पो आला, सिंधूच्याच दारात. मी ओट्यावर तांदूळ निवडत व्हते. नवं जोडपं, पोटुशी बाई, आन मागं हमालानं डोक्यावरून पाळणा उतरवला, लाकडी, नवा, पॉलिश केलेला. अनिता ड्युटीवरून आली, म्हणली, मावशी, काय बघताय? म्हणलं, काय न्हाय.

सिंधूनं भिंतीवरून हाक मारली, पद्मिन, बघ गं, पाळणा आलाय. म्हणलं, बघितला. बाळ-बाळंतीण सुखरूप ऱ्हाऊ दे, घर नांदतं ऱ्हाऊ दे. आता हे म्या मनापून म्हणलं का वरवर, ते तेवढं मला इचारू नका ताई. म्या म्हणलं, एवढंच लिवा.