डब्यावरचे आकडे

बाबा गेले, तेव्हा त्यांचा चष्मा दुरुस्तीला दिलेला होता. तो न्यायला मी रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात बसले होते. शेजारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेले एक गृहस्थ आणि त्यांची लेक.

“दर्शना, बोलत राहा गो. गप्प बसलं की छातीत धडधडतं. तुझं कामच सांग.”

“आमच्या कंपनीच्या इंटरनेटच्या डब्याला केबल लावायला चार पोर्ट असतात, बाबा. आतल्या लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे डबा चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला, ती आपोआप कळत नाहीत. कुठलं कुठे आहे, ते यादी लिहून सांगावं लागतं.”

“मी टेलिफोनच्या तारांना चिठ्ठ्या बांधायचो, तसंच की.”

“तसंच. परवा मी चुकले. डब्यावरचेच आकडे यादीत लिहिले, आणि आतली चिप मोजते उलटीकडून. पहिल्यात केबल लावली, तर कर्नल म्हणे चौथ्यात लागली.”

“मग सिस्टरने पट्टी माझ्या उजवीकडे लावलीय की तिच्या?”

“तुमच्याच.”

“तरी विचार. डावा चांगला आहे गो. तोच कापला तर?”

“सिस्टर, यांचा उजवाच ना? यांचा स्वतःचा?”

“उजवाच. तीनदा बघितलंय. चला आजोबा, आत.”

“तू पण चल, दर्शना.”

“मला सोडणार नाहीत. मी दाराशीच आहे.”

“मग तिथून बोल. मला कळलं नाही तरी चालेल.”

दार लागलं. ती दाराजवळ सरकली.

“तर बाबा, दोन नंबरचं पोर्ट आतून तिसरं असतं. ऐकताय ना?”