उदयभैयाचा सिनेमा

२००४. रायपूरच्या पंडरीत घशाच्या डॉक्टरांकडे माझा सतरावा नंबर होता. शेजारच्या बाकावर एक बाई एका तरुणाशी बोलत होती.

"सुशील, रविवारी सगळे दोस्त घरी या. पाटवडी-रस्सा करून राहिली मी. तुझा सिनेमा पाहू."

"वहिनी, नुसते जेवू ना."

"काहून? आमच्याच स्वयंपाकघरात शूटिंग केलं, ह्यांना हीरो केलं, अन् आता लाजून राहिला? ऑपरेशनमध्ये ह्यांचा आवाज गेला. आमच्या पोट्टीले ऐकवायले सिनेमातला तेवढाच उरला."

"त्यात उदयभैयाचा आवाज नाही."

"मंग कोणाचा आहे?"

"सिनेमा छत्तीसगढी, अन् भैयाची बोली नागपुरी वाटत होती. दुसऱ्याकडून डबिंग करून घेतलं."

"अन् ह्यांच्या आवाजाची पहिली कॅसेट?"

"तिच्यावरच पुढचं शूटिंग केलं. पहिलं पुसलं गेलं."

"ह्यांना माहीत आहे?"

"नाही."

"मंग आवाज बंद करून लाव. टीव्ही बिघडला म्हण."

"भैया समजून जाईल."

"समजू दे. बोलणार कुठून?"

दार उघडलं. गळ्याला पट्टी बांधलेला माणूस बाहेर आला. सुशीलला पाहून त्याने हाताने जेवायची खूण केली, मग बोट स्वतःच्या गळ्यावरून कानाकडे नेलं.

"हव भैया," सुशील म्हणाला. "येतो."