पेनड्राइव्हचं अक्षर

कम्प्युटरवर खेकसणारा माणूस पाहिलाय का कधी? नसेल तर आंधळगावच्या माझ्या मामांना भेटा. परवा गेलो, तर रसिकाच्या लग्नाच्या पेनड्राइव्हशी त्यांची झटापट चाललेली. रसिका म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी, नुकतीच सासरी गेलेली.

“पाह्य बरं भाच्या, लावला का टुंग करते, अन् दाखवत काहीच नाही! हा मेला का कम्प्युटर मेला?”

मी सेटिंगमध्ये शिरून पाहिलं. “कोणीच नाही मेलं, मामा. कम्प्युटरनं त्याले सी, डी, ई असं अक्षरच नाही दिलं. अक्षर भेटल्याबिगर तो दिसत नाही.”

“मंग दे ना! वाट कायची पाहून राहिला?”

“कोणतं देऊ?”

मामा एकदम गंभीर झाले. “कोणतंही नोको देऊ. बारशाले आपण पंचांग पाहतो.”

आता हे पंचांग काढतात की काय, म्हणून मीच घाईनं म्हणालो, “लग्नात सासरच्यायनं तांदळाच्या ताटात ‘समृद्धी’ लिहून तिचं नाव बदलवलं ना? मंग एस देतो.”

दारात तांदूळ निवडत बसलेल्या मामी मान वर न करताच म्हणाल्या, “ते तिकडे. इथं आरच टाक.”

मी आर टाकला. टाकल्याबरोबर पेनड्राइव्ह समोर हजर, आत अख्खं लग्न.

मामांनी एकही फोटो उघडला नाही. पोरीला फोन लावला आणि तिच्यावरही खेकसले, “रसिका, कम्प्युटरमधी तुया नावाची खोली काढली. आता तू कवा येशीन?”