सर्वरचा पंचनामा

नाई, मंग मी अजून काय कराले पाह्यजे होतं, तुमीच सांगा ना! तोंडानं सांगतलं, लिहून देल्लं, फोटू काढून दाखवला, हात जोडले… आता काय त्या मशीनच्या पाया पडू? आणि साऱ्याइचं म्हणणं एकच. "चालू हाय ना? मंग!"

थांबा, तुमाले पयल्यापासून सांगतो. मी कुलदीप. मूल गावाकडून जंगलात शिरलं का एक हापिस लागते, कोणतं ते विचारू नका, पोटाचा सवाल हाय. तिथी मी कॉम्पुटर ऑपरेटर. अकरा महिन्याच्या करारावर. किती वर्षं झाले? नऊ! म्हणजे नऊ वर्षापासून मी अकरा महिन्याचाच आहो. घरी पोरगी चौथीत गेली, बाप अजून रांगूनच राह्यला. दर एप्रिलात साहेबाची सही पडली त मी हाय, नाई पडली त नाई.

आता काम काय? जंगलात झाडाझाडाले क्यामेरे बांधून हायेत. वाघ पुढून गेला का फोटू निघते. आमचे लटारूभाऊ, वनरक्षक, ते रोज त्याचे कार्ड काढून आणते, मी ते फोटू सर्वरवर चढवतो. सर्वर म्हणजे हापिसातल्या साऱ्या कॉम्पुटरचा बाप समजा. मंग कोणत्या बाजूनं वाघ फिरून राह्यला त्याची यादी बनवाची आणि संध्याकाळी गावागावात पाठवाची. मोहफुलाचे दिवस ना! बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघते. त्या नीलाबाईचा त रोज फोन. "बाबू, उद्या कोणीकडं जाऊ?" मी सांगतो, "बाई, नाल्याकडं नको, टेकडीच्या बाजूनं जा." आहे का नाई इज्जतीचं काम? वाघ कुठी हाय हे दोघालेच माईत, एक वाघाले आणि एक मले!

आता हा सर्वर म्हणते दिवसरात्र चालू ठेवाचा असते. पण आमच्या हापिसात साडेपाच वाजले का पंखे बंद, लाईट बंद, सर्वर बंद! साहेबाचा हुकूम. म्हणून रोज सकाळी बटन दाबाचं, रोज सकाळी तो घुरघुर करत उठाचा, आणि उठल्या उठल्या मले पिवळी पट्टी दाखवाचा. क्रॅश डंपचा इशारा! म्हणजे काय, तुमाले सांगतो. मशीन मधातच कोसळली त मरता मरता पोटातलं सारं एका फाईलीत लिहून ठेवते, का बाबा, मी अशी अशी मेली, माया हा पुर्जा गेला. त्या फाईलीले म्हणते क्रॅश डंप. आणि पट्टीवर काय लिहून होतं? का ती फाईल लिहाले मायाजवळ जागाच नाई! उद्या मी मेलो त काऊन मेलो हे कोणाले समजणार नाई! आता एवढं साफ माणूस तरी सांगते का हो?

जागा काऊन नाई? पाह्यलं मी उघडून. अंदर साहेबाच्या पोरीचं लगन! हळदीपासून बिदाईपर्यंत, तीन क्यामेऱ्याइनं काढलेलं. त्याच्याखाली 'मान्यवर' नावाचं फोल्डर, मोठे मोठे पाहुणे जिप्सीत बसून वाघ पाहून राह्यले आणि वाघ जांभया देऊन राह्यला. त्याच्याखाली मागच्या साहेबाचा निरोप समारंभ, पूऱ्या भाषणासकट! आता इतके लोकं पोटात बसले त मशीननं मराचं कुठी?

गेलो साहेबाकडं. साहेब पुण्याकडचे, एकदम शुद्ध. म्हटलं, "साहेब, हे लगन दुसरीकडं हलवू का? सर्वरले जागा पाह्यजे." साहेब चष्म्यावरून पाह्यते. "कुलदीप, मशीन चालू आहे ना? मग! उगाच नसती दुखणी उकरून काढू नका. आणि लग्नाला हात लावायचा नाही."

कंपनीच्या इंजिनिअरले फोन लावला. "भैया, चल रहा है ना? फिर क्यूं टेन्शन ले रहे हो?" लटारूभाऊले सांगतलं त ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणते, "चालू हाय ना बे? मंग काऊन कुरकुर करून राह्यला?" घरी आलो, बायकोले, संघप्रियाले सांगतलं. ते म्हणे, "तुमी त्या पट्टीकडं पाहूच नका ना जी! एप्रिल आला, साहेबाले चिडवू नका." तिचं बी खोटं नाई. पण पट्टी रोज सकाळी मलेच दिसे ना! मंग लेखी देल्लं. अर्ज आवक रजिस्टरात चढला, वर गेला, वीस दिवसानं खाली आला, त्याच्यावर शेरा: 'आपल्या स्तरावर कार्यवाही करावी.' माया स्तर! हापिसात मले खुर्ची नाई, स्टुलावर बसतो मी!

आणि मंग त्या मंगळवारी दुपारी, भर कामात, स्क्रीन निळी झाली… गेला! उठवला, पुन्हा गेला. पुन्हा उठवला, पुन्हा निळा. फोन केला. इंजिनिअर काय म्हणे? "भैया, पहले क्रॅश डंप भेजिए. उसके बिना कौन सा पार्ट खराब है, हम कैसे बताएं?" मले वाटलं फोनातूनच हात घालून याचं नरडं धरावं! दीड महिना मी दुसरं काय सांगून राह्यलो होतो?

दोन दिवस यादी नाई. नीलाबाईचा फोन आला. "बाबू, उद्या कोणीकडं?" म्हटलं, "बाई, मशीन बंद हाय, मले काईच माईत नाई. जाऊच नका." ते म्हणे, "फुलं का मायासाठी थांबते, बाबू?" गेली. आणि नेमकी नाल्याकडंच गेली. वाघानं काई केलं नाई हो, नुसता उभा होता. बाई पळाली, दगडावर पडली, हात मोडला. मी दवाखान्यात गेलो त ते मलेच समजावते, "तुयी काय चूक रे बाबू?" तुमाले खरं सांगतो, तिथी मले रडू आलं. माया हातात एवढं एकच काम होतं, आणि ते होऊ शकलं नाई.

झालं, पेपरात आलं. वरून हुकूम, मशीन काऊन बंद पडली, पंचनामा करा! आता पंचनामा म्हटलं का लटारूभाऊले बत्तीस वर्षापासून एकच नमुना माईत, वाघानं जनावर मारल्याचा. तोच छापील कागद काढला, चहावाल्या झिंगूले आणि हापिसातल्या शिपायाले, इसरूले, पंच म्हणून उभं केलं, आणि लागले लिहाले! 'मृत जनावर: सर्वर. रंग काळा, वय सहा वर्षे. पगमार्क (पंजाचे ठसे): आढळले नाहीत. मानेवर दातांच्या खुणा: नाहीत. ओढत नेल्याच्या खुणा: नाहीत, शव जागेवर.' हासू नका! मी बी हासलो नाई. कारण पुढचा रकाना होता, मृत्यूचं कारण. तिथी पेन थांबला. सारे मायाकडं पाहून राह्यले. म्हटलं, "हेच त ते बिचारं रोज सकाळी सांगत होतं ना!"

साहेब म्हणे, "रकाना कोरा ठेवता येत नाही. लिहा, संगणकचालकाचा निष्काळजीपणा." लटारूभाऊनं एकदा मायाकडं पाह्यलं, मंग खाली पाह्यलं, आणि लिहिलं. त्याची पेन्शन दोन वर्षावर आली, त्याले काय बोलू?

म्हटलं, "साहेब, मंग माया करारावरची सही?" साहेब म्हणे, "अहो, चौकशी चालू आहे ना? मग!"

आणि वर हातानं लिहिलेलं चालत नाई, टाईप केलेलं पाह्यजे. हापिसात टाईप कोणाले येते? मलेच! जुना ल्यापटॉप घेतला, स्टुलावर बसलो, आणि माया निष्काळजीपणा म्याच टाईप केला, तीन प्रतीत. साहेबानं पूरा वाचला, खाली झोकात सही ठोकली आणि कागद मले देऊन म्हणे, "छान. आता याची एक प्रत सर्वरवर टाकून ठेवा, हरवायला नको."

म्हटलं, "हो जी साहेब. ठेवतो."