धूर निघाला का

—रेडिओ? आहे की, लिही, ‘आहे’. त्यात आम्ही मीठ ठेवतो – झाकण घट्ट बसतं ना! हसू नकोस मुली, शहरातून सर्व्हेला आलीयस तू. मोबाइलही लिही. रेंज फक्त त्या मोठ्या धोंड्यावर, आणि धोंड्यावर सगळं गाव उभं – म्हणजे बायको मॉस्कोहून मला शिव्या देते, त्या आधी गाव ऐकतं, मग मी. एकदा वाऱ्यात मला ऐकूच आलं नाही, तर मागच्या म्हातारीनं सगळ्या परत म्हणून दाखवल्या – वर दोन पदरच्या घातल्या!

आणि पलीकडच्या बातम्या? ही पंज नदी ओलांडली की अफगाणिस्तान, पण पूल बंद. हिवाळ्यात पाणी उतरलं की ओरडून बोलायचं, एकदा नदी फुगली की तिच्यापुढे कोण ओरडणार – मग हातवारे. त्यात मी उस्ताद! तरुणपणी एकदा, आमची गाय व्याली म्हणून मी इथून सगळं अंग हलवून सांगितलं, तर तिकडचे समजले मला मुलगा झाला. डफ काढून नाचायला लागले. लग्न तरी कुठं झालं होतं माझं? पण एवढी माणसं आपल्यासाठी नाचतायत म्हटल्यावर – मीही नाचलो. करणार काय!

माझी बहीण आहे तिकडे, नियतबेगिम. पूल उघडा होता तेव्हा दिली. नवरा इराणात कामाला, घरात एकटीच. ती आजारी आहे एवढं मागच्या महिन्यात कुणीतरी ओरडलं – पुढचं नदीनं गिळलं. तेव्हा आता धूर. तिच्या घरावर सकाळी धूर निघाला म्हणजे बाई उठली, तंदूर पेटवला. आईनं अंथरूण धरलंय, ती आतून विचारते, शोदमोन, धूर निघाला का? मी इथं येतो, कपाळावर हात धरतो, अगदी चौकीवरच्या साहेबासारखा – आणि सांगतो, निघाला! कधी म्हणतो, आज पातळ आहे गं, लाकडं ओली असतील. रोज एकच सांगितलं तर तिला संशय यायचा – नाही, संशय म्हणजे... पेन ठेव खाली. ठेव म्हणतो ना! मला हल्ली नदीच आवाजावरून कळते, पलीकडचा धूर काय दिसणार, डोंबल! मोतीबिंदू, दुसरं काय. आणि गाव मला विचारतं, शोदमोन, पलीकडे काय चाललंय!

तुझे डोळे तरुण आहेत. ते एकटं उंच झाड आहे ना, त्याच्या डावीकडचं घर. बघ जरा. नाही, ते नव्हे, त्याच्या मागचं.

शेजारच्या घरांवर आहे? सगळ्यांच्या?

मग तिच्याही असेलच. नीट बघ, पोरी. बघ ना.

...हो आई, आलो! निघाला गं! निघाला, चांगला दाट!

तू ऊठ आता. ती तुला शीरचोय, आमचा दुधाचा खारा चहा, प्यायला आत बोलवेल, जाऊ नकोस. तिची नजर अजून पक्की आहे, तुझं तोंड बघेल. जा म्हणतो ना.