ठकुबाईचं सार

नयना : "...हेडमास्तरीणबाईंनी सगळ्यांच्या देखत स्वयंपाकिणीच्या पदराची गाठ सोडली. आत चांदीची वाटी होती. ठकुबाईनं मान खाली घातली." संपली गोष्ट, आत्या.

अंबूबाई : परत वाच.

नयना : तीनदा वाचली.

अंबूबाई : नाव तेवढं परत वाच.

नयना : ठकुबाई.

अंबूबाई : माझ्या आईचं नाव. तुझ्या आजीचं. त्या हेमलताबाईला जगात दुसरं नाव सापडलं न्हाई. दोन वर्षं झाली, दर मंगळवारी आणि शुक्रवारी चामराजपेटेतून जयनगरला जाऊन तिचे मसाले कुटून देते मी. कुटता कुटता आईचं सगळं सांगितलं तिला. म्हटलं, बाई, तुम्ही मासिकातल्या गोष्टींत चोऱ्या शोधून काढता, त्याखाली पदार्थ छापता, एवढ्या बायका वाचतात. एकदा लिहा की, माझ्या आईनं चोरी केली न्हाई म्हणून. अडतीस वर्षं झाली गं. आमच्या गल्लीतली एखादी म्हातारी अजून म्हणते, वाटीवाल्या ठकुबाईची पोर. मुसळ बाजूला ठेवून हात जोडले मी त्या बाईला.

नयना : पण तू तिला नेमकं काय सांगितलंस? घरात हा विषय काढला की अप्पा उठून जातात.

अंबूबाई : तुझ्या अप्पाला काय ठाऊक, तो पाळण्यात होता. मी नऊ वर्षांची. मिरजेकडून इथं कानडी मुलुखात येऊन आम्हाला दोन महिने झाले होते. आई एका वकिलांकडे स्वयंपाकाला लागली. कानडी माणसं. आईला कानडी दहा शब्द यायचे, तेही वाकडे. एक दिवस त्यांची चांदीची वाटी दिसेना. आईच्या पदराला गाठ होती. वकिलांच्या आईनं विचारलं, एन तगोंडे? काय घेतलंस?

नयना : काय घेतलं होतं?

अंबूबाई : गुळाचा खडा. मला ताप होता, तोंडाला चव नव्हती, म्हणून माझ्यासाठी घेतला. गुळाला म्हणायचं बेल्ल. आई घाबरली आणि म्हणाली, बेळ्ळ. त्यांनी ऐकलं बेळ्ळी.

नयना : चांदी.

अंबूबाई : चांदी. तिनं गाठ सोडून गूळ दाखवला. ते म्हणाले, आज गूळ, काल वाटी. आपल्या तोंडानंच कबूल केलं हिनं. तिथल्या तिथं बाहेर काढलं. खडा जमिनीवर पडला होता, तो तिनं उचलून आणला. मी खाल्ला.

नयना : आणि वाटी?

अंबूबाई : आठव्या दिवशी सापडली. वकिलांच्या सुनेनंच ती उजळायला म्हणून चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली होती आणि विसरली. आईच्या जागी गंगव्वा आली होती. तिनं सारासाठी कोळ ओतला, तशी वाटी खणकन पातेल्यात पडली. गंगव्वा आमच्या दारात येऊन सांगून गेली. वकिलांच्या घरातून मात्र कुणी चकार शब्द काढला न्हाई. सुनेची चूक बाहेर जाईल ना. आईला परत कुणी आपल्या चुलीपाशी उभं केलं न्हाई. मरेपर्यंत पापड लाटले तिनं.

नयना : म्हणजे रहस्य होतं ते तयार होतं. हिनं फक्त लिहून काढायचं होतं.

अंबूबाई : आणि हिनं वाटी नेऊन आईच्या पदरात बांधली. तळतळाट लागेल तिला माझा. खाली पदार्थ कुठला दिलाय?

नयना : "या कथेतली पाककृती : ठकुबाईचं सार."

अंबूबाई : तेही घेतलं. वाच.

नयना : "चिंचेचा कोळ दोन वाट्या. भाजलेले धने, मिरी, मेथीचे चार दाणे. आणि हेच या साराचं गुपित : बेलफळाचा गर, दोन मोठे चमचे."

अंबूबाई : काय म्हणालीस?

नयना : बेलफळाचा गर.

अंबूबाई : बेल म्हणजे आपण शंकराला वाहतो तो?

नयना : तोच. आत्या, तू हसतेस की रडतेस?

अंबूबाई : मी म्हटलं होतं, शेवटी स्वल्प बेल्ल घाला. बाईनं ऐकलं बेल. वहीत लिहून घेताना मान हलवत होती, सरी सरी म्हणत, म्हणजे बरं बरं. या गावात येऊन तीन वर्षं झाली, तेवढेच दोन कानडी शब्द शिकली, एक सरी आणि एक स्वल्प. सामान आणायला नवऱ्याच्या ऑफिसचा शिपाई आहे, मग बेल्ल कुठून ठाऊक असणार?

नयना : आत्या, उद्या रविवार.

अंबूबाई : मग?

नयना : आपल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू. आमच्या फॅक्टरीत पत्रक लावलंय. ही बाई स्टेजवर कथा वाचणार आणि तिथंच शेगडीवर सार करून दाखवणार. तीनशे बायका येणार. तिच्या नवऱ्याचे जनरल मॅनेजर सपत्नीक येणार.

अंबूबाई : देव आहे म्हणायचा.

नयना : तू सांगणार नाहीस तिला?

अंबूबाई : मी कशापायी सांगू? घालू दे चांगला डावभर. मॅनेजरच्या बायकोच्या तोंडात जाऊ दे. तिचं तोंड कसं होतं ते मला पहिल्या रांगेत बसून बघायचंय. आईला बाहेर काढलं तेव्हा तिच्याकडेही सगळे असेच बघत होते.

नयना : हळू बोल. फाटकाशी रिक्षा थांबली. त्याच उतरतायत, हातात डबा आहे.

(हेमलता आत येते. डबा जमिनीवर ठेवते, पण बसत नाही.)

हेमलता : अंबूबाई, बरं झालं भेटलात. काल शुक्रवार असून आला नाहीत. बरं नव्हतं का?

अंबूबाई : बरं होतं.

हेमलता : मी फार अडचणीत आहे हो. हे जरा चाखून बघा. तीनदा केलं, तीनदा बिघडलं. यांनी एक घोट घेतला आणि सरळ व्हरांड्यात जाऊन उभे राहिले.

अंबूबाई : नयना, वाटी आण. चांदीची न्हाई गं आपल्याकडे, पितळेची आण.

हेमलता : कसं आहे?

अंबूबाई : देवळातल्या तीर्थात चिंच पडल्यासारखं.

हेमलता : बेल कच्चा घ्यायचा की पिकलेला, तेवढंच मला सांगा. वाचकांची पत्रं यायला लागली आहेत. सोलापूरच्या एक बाई विचारतात, गर गाळून घ्यायचा का. एडिटरही विचारतायत. उद्याचा प्रोग्रॅम आहे, मोठा बोर्ड रंगवून आणलाय मंडळानं, "ठकुबाईचं सार" म्हणून.

अंबूबाई : काय रंगवलंय?

हेमलता : ठकुबाईचं सार. लाल अक्षरात. छान दिसतंय.

नयना : आत्या, सार बिघडलं तर त्या बोर्डाखाली बिघडेल. बायका घरी जाऊन म्हणतील, ती चोर आणि तिचं सारही तसलंच.

अंबूबाई : कळलं मला. तू गप बस जरा. बाई, आधी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. माझ्या आईला चोर कशापायी केलंत?

हेमलता : म्हणजे तुम्ही वाचलीत कथा?

अंबूबाई : वाचून घेतली.

हेमलता : अहो, ती काही तुमची आई नाही. कथेतलं पात्र आहे ते. नाव मला आवडलं म्हणून ठेवलं. आणि रहस्यकथेला शेवटी ट्विस्ट लागतो. जिच्यावर पहिला संशय येतो ती निर्दोष निघणार, हे वाचकांना आता पाठ झालंय. म्हणून मी उलट केलं. एडिटरना तोच शेवट फार आवडला.

अंबूबाई : मी हात जोडले होते.

हेमलता : हो, आठवतं मला. खरं सांगू का? मी तसंच लिहायला बसले होते, तुमच्या आई निर्दोष असं. पण ते मलाच पटेना. तुम्ही म्हणालात, त्यांनी पदरात बेल बांधून नेला. आता बेल कोण चोरून नेतं? सोमवारी देवळाबाहेर ढीग पडलेला असतो. आजारी मुलीला बेल देऊन काय होणार? आणि बेल घेतला म्हटल्यावर घरची माणसं चांदी का समजतील? मला वाटलं, तुम्ही लहान होतात, तुमच्यापासून लपवलं असेल काहीतरी. म्हणून मी वाटी केली.

नयना : अगंबाई.

अंबूबाई : थांब नयना, एक शब्द बोलू नको. हे माझं मी बघते. बाई, बसा.

हेमलता : मी उभीच बरी आहे.

अंबूबाई : बसा म्हणते ना. तुमच्या गोष्टीतली ती हेडमास्तरीणबाई एकेकीला समोर बसवून विचारते, तसं मी विचारते. संक्रांतीला शेजारची कानडी बाई तुमच्याकडे आली होती?

हेमलता : आली होती. दोघी-तिघी आल्या होत्या.

अंबूबाई : काय देऊन गेल्या?

हेमलता : आपल्या तिळगुळासारखंच, पण सुटं. तीळ, खोबऱ्याचे तुकडे, शेंगदाणे, डाळं, ऊस.

अंबूबाई : एक राहिलं.

हेमलता : गुळाचे बारीक खडे.

अंबूबाई : देताना काय म्हणाल्या?

हेमलता : म्हणाल्या, एळ्ळु-बेल्ल घ्या, गोड बोला.

अंबूबाई : एळ्ळु म्हणजे काय असेल?

हेमलता : एळ्ळु म्हणजे तीळ असणार. आणि बेल्ल म्हणजे...

नयना : पाणी देऊ का तुम्हाला?

हेमलता : बेल्ल म्हणजे गूळ.

अंबूबाई : गूळ. तापानं पडलेल्या पोरीसाठी लिंबाएवढा गूळ. आईनं भीतीनं बेळ्ळ म्हटलं, त्यांनी बेळ्ळी ऐकलं. बेळ्ळी म्हणजे चांदी. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं, शब्द न् शब्द.

हेमलता : तुम्ही ते बेल्ल-बेळ्ळी भराभर म्हणालात. मला दोन्ही शब्द सारखेच वाटले. विचारायची लाज वाटली. वाटलं, वहीत एकदा लिहून घ्यावं, मग बघू.

अंबूबाई : वकिलांच्या आईनंही परत विचारलं न्हाई. तिला कानडी येत होतं, तुम्हाला येत न्हाई, एवढाच काय तो फरक. त्या घरानं एकदा केलं, तुम्ही छापून पुन्हा केलंत. आणि पुण्याच्या बाई तुम्ही, जन्मभर आमटीत गूळ घालता. चिंचेच्या सारात गूळ पडतो हे तुम्हाला सुचलं न्हाई?

हेमलता : सुचलं होतं. पण मला वाटलं, बेल हेच तर गुपित असेल. गूळ काय, सगळ्याच घालतात. अंबूबाई, चुकलं माझं. मनापासून सांगते. उद्या मी गूळच घालीन. आणि शुक्रवारी तुम्ही या, मी तुम्हाला...

अंबूबाई : शुक्रवार संपले. मसाला आता शिपायाकडून कुटून घ्या. उद्याचं बोला.

हेमलता : उद्या गूळ घालते म्हटलं ना.

अंबूबाई : नुसता घालून भागणार न्हाई. गूळ पदरात बांधून स्टेजवर जायचं. गाठ सगळ्यांना दिसली पाहिजे. शेगडीपाशी गेल्यावर तीनशे बायकांच्या देखत ती गाठ सोडायची आणि म्हणायचं, ठकुबाईनं नेला तो हा. वाटी तिनं घेतली न्हाई. मी ऐकलं चुकीचं आणि लिहिलं खोटं.

हेमलता : स्टेजवर? यांचे जनरल मॅनेजर समोर असणार. लोक हसतील मला. पुढच्या अंकात मी खुलासा छापते, पाहिजे तर चौकटीत.

अंबूबाई : तो छापालच. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना वाचता येत न्हाई, पण उद्या हळदीकुंकवाला सगळ्या येणार आहेत. त्यांच्या कानांवर पडलं पाहिजे.

हेमलता : आणि मी नाही म्हटलं तर?

अंबूबाई : तर बेल घाला. मी पहिल्या रांगेत आहे. पहिला घोट मॅनेजरीणबाईंनी घेतला, की मी उठेन आणि ह्या माझ्या मोडक्या मराठीत सगळं सांगेन. मला लाज न्हाई त्याची. तुम्हाला रडवायचं ठरवून बसले होते मी आज, तुम्ही येईपर्यंत. आता रडणं नको मला. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

नयना : गाठ मारायला सुती लुगडं बरं पडेल, बाई. रेशमी पदराची गाठ सुटते.

हेमलता : तुम्ही दोघी फार कठोर आहात.

अंबूबाई : हो. संक्रांत आहे, गोड बोलायचं असतं, पण मला आज तेवढं जमणार न्हाई. तुमचा डबा घेऊन जा.

हेमलता : जाते. अंबूबाई... गूळ किती घेऊ?

अंबूबाई : तापल्या पोरीच्या तोंडाला चव येईल एवढा.