खिळ्यावरची रोटी

नाही, तो खिळा नको. तुझं ते इंटरनेटचं खोकं दुसरीकडे कुठेही ठोक, त्या खिळ्याला हात लावायचा नाही — रोटी टांगलीये, दिसत नाही? वाळून दगड झाली असेल, पण माझ्या लेकाची आहे, मिर्झोहिदची. रशियात कझानला कामाला निघाला तेव्हा एक घास तोडून गेलाय, उरलेली परत येऊन खायची. तुझ्या आईनं नसती टांगली? मग. बस इथे, चहा घे. अर्धाच पेला ओतलाय, म्हणजे अजून बसायचंय तुला. काठोकाठ भरेन तेव्हा ऊठ.

तर मला सांग बाळा, तुमच्या कंपनीनं मला खुळी समजलंय का? आधी साधा प्लॅन होता, चित्र अडकायचं. फोन केला तर तुमची ती गोड आवाजाची पोरगी म्हणते — वरचा घ्या आजी, विमानासारखा पळेल. घेतला. पळाला? गाढव बरं. मग म्हणते, त्याच्याही वरचा घ्या. तोही घेतला, यंदाच्या जर्दाळूंचे सगळे पैसे त्यातच गेले — आणि समोरची झुल्हुमोर बघ, सगळ्यात स्वस्तातला प्लॅन, त्याच खांबावरून आलेली तार, आणि तिची लेक मॉस्कोहून बोलते तर गालावरचा तीळसुद्धा दिसतो. माझ्याकडे? 'आई, तुझं नेट खराब आहे, नंतर बोलू' — की संपलं. झुल्हुमोरचा कुणीतरी असणार तुमच्यात. भाचा वगैरे. नाही? नसेल बाई. पण काहीतरी आहे, मी काही दुधखुळी नाही.

आणि आता तू म्हणतोस, लाइन ठणठणीत आहे. तुझ्या यंत्रात दिसतंय म्हणे. यंत्र कुणाचं? कंपनीचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय ना — ईदला फोन लागला, छान बोलत होता, हसत होता, मी एवढंच विचारलं, खरबुजं पिकतील तोवर येशील ना रे? — आणि तिथंच अडकला. तोंड अर्धं उघडं, पापणी हलेना. मी आपली हॅलो हॅलो करतेय. आणि त्याच्या मागे खिडकीचा पडदा हलत होता. वाऱ्यानं. चांगला हलत होता. आतून कुणाचं तरी तान्हं रडलं, तेही स्वच्छ ऐकू आलं मला — शेजाऱ्यांचं असेल, तिकडे भिंती पातळ असतात.

आता ही लबाडी कुणाची? तुमचीच. माणूस तेवढा थांबवायचा आणि पडदा हलता ठेवायचा, म्हणजे म्हातारी आणखी वरचा प्लॅन घेईल. आणि घेईनही मी, सांग कुठला घ्यायचा. स्पीड कमी पडला की होतं ना असं? माणूस थांबतो, पडदा हलतो — होतं ना? रोटीकडे काय बघतोस, माझ्याकडे बघ. तुझं रोजचं काम आहे हे, तुला ठाऊक असणार. नुसतं हो म्हण.

बरं.

आण तो पेला इकडे. सांभाळून धर, काठोकाठ भरलाय.